तिसऱ्या खांबातले मोकळे चौकोन

कुर्डुवाडी,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय रेवण,
अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज ऐकलास की "कामात आहे अक्का" म्हणून तू ठेवून देतोस, म्हणून हा कागद-पेनाचा खटाटोप. पाकीट आणायला पोस्टात गेले तर खिडकीतल्या मुलीने मला दोनदा विचारलं, पार्सल का? म्हटलं, नाही गं बाई, पत्र. धाकट्या भावाला. तिला मोठी गंमत वाटली.

शरणू माझ्याकडे आल्याला महिना होऊन गेला. तू शेजारपाजारी सांगितलंस, पोराला हवापालटाला पाठवलंय. बारावीतल्या पोराला ऐन वर्षात कुणी हवापालटाला पाठवतं का? आणि तेही कुर्डुवाडीला, जिथे हवा म्हणजे रेल्वेचा धूर आणि उन्हाची झळ. तुझे दाजी हसले ते ऐकून. मी नाही हसले.

झालेलं पुन्हा लिहिते, कारण तू ते नीट ऐकूनच घेतलं नाहीस. त्याने जेवताना तुला सांगितलं, अप्पा, मला मुलगेच आवडतात, आणि लपवून जगायचा आता कंटाळा आलाय. तू हात उगारला नाहीस, याचा तुला अभिमान आहे, त्याच्या आईने, महानंदाने मला सांगितलं. पण दुसऱ्या दिवसापासून तू त्याच्याशी बोलणं सोडलंस. त्याचं ताट वेगळं झालं. आणि सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठीची त्याची बाराबंदी तू ट्रंकेत टाकून कुलूप लावलंस, म्हणालास, यंदा हा नंदीध्वजाच्या काठीसोबत चालणार नाही. चड्डीत होता तेव्हापासून तो तुझ्या मागोमाग नंदीध्वजाच्या सरावाला येतो. ते पांढरे कपडे त्याला दिवाळीच्या कपड्यांपेक्षा प्यारे आहेत हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात सोलापूरला आम्हा शिक्षकांची एक कार्यशाळा होती, सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉलमध्ये. तुझ्याकडे यायचं धाडस झालं नाही, खोटं कशाला बोलू. तिथे एका डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तीन खांब दाखवले. परदेशात शरणूसारख्या मुलामुलींचा अभ्यास झालाय. परदेशातली आहेत म्हणून हसू नकोस, पोरं सगळीकडची सारखीच असतात. पहिला खांब ज्यांच्या घरच्यांनी त्यांना फारसं दुखावलं नाही त्यांचा. मधला ज्यांना घरात बऱ्यापैकी नाकारलं त्यांचा. तिसरा ज्यांना पार झिडकारलं त्यांचा. आणि खांबाची उंची म्हणजे, शंभरातल्या किती मुलांनी कधी ना कधी स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. झिडकारणं म्हणजे नुसती मारहाण नाही, रेवण. अबोला त्यात येतो. सणावाराला लांब ठेवणं त्यात येतं.

मी पंचवीस वर्षं पोरांना गणित शिकवतेय. खांबांचे आलेख फळ्यावर काढून काढून हाताला खडूचा वास लागला असेल. पण त्या दिवशी मी गणिताकडे प्रथमच मान वर करून पाहिलं. हॉलभर माणसं होती आणि कुणी वहीचं पान उलटलं नाही. तिसरा खांब पार वर गेलेला.

तोच आलेख मी तुझ्यासाठी कागदावर काढलाय, तू चादरींची डिझाइनं काढतोस तशा चौकटीच्या कागदावर. एक चौकोन म्हणजे एक मूल. खांबांखाली मुद्दाम काही लिहिलेलं नाही, कागद चुकून कुणाच्या हाती पडला तर घरची गोष्ट गल्लीत नको. पण तू पाहा. तिसऱ्याकडे जास्त वेळ पाहा. शरणू हल्ली जेवणाला नुसता हात लावतो आणि उठतो. मला भीती वाटते.

तुझी
दाक्षायणी अक्का


सोलापूर,
१७ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
शरणार्थी, नमस्कार.

पाकीट मिळालं. आतली पानं मी वाचलेली नाहीत. कुणाबद्दल असणार ते मला माहीत आहे. देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहेत, फाडली नाहीत, एवढं पुरे.

सोबतचा कागद मात्र पाहिला. जूनमध्ये तू म्हणाली होतीस की शाळेला सत्कारासाठी चादरी हव्यात आणि मुख्याध्यापकांना काठावर शाळेचं स्वतःचं डिझाइन पाहिजे. तेच हे, असं समजतो. खाली नाव-पत्ता नाही ते बरं केलं, पार्ट्या डिझाइनवरच पत्ता लिहितात आणि मग आम्ही तो विणू नये अशी अपेक्षा करतात.

डिझाइनबद्दल माझं मत असं. तीन खांब, चढत जाणारे. साधं आहे पण त्यात दम आहे. कारखान्यात बाकी सगळे आता कॉम्प्युटरवर काढतात, मालकाने माझ्यासारखे एक-दोन जुने हात ठेवलेत. मी कागद पाहिला आणि वाटलं, हे हाताने काढणाऱ्याचं काम आहे. चौकोन सगळे नीट भरलेत, एकही रेघेबाहेर नाही.

अडचणी दोन. एक, काठ अर्धाच काढलाय. हरकत नाही, आम्हीही अर्धाच काढतो, उरलेला अर्धा यंत्र आरशासारखा उलटा विणतं. म्हणजे तीन खांब चढतील, मग तेच उलट्या क्रमाने उतरतील. दोन, तिसरा खांब फार उंच आहे. आपली चादर दोन थरांची असते. एवढा मोठा सलग ठोकळा आला की वरचा थर खालच्याला धरत नाही, मध्ये पिशवीसारखी पोकळी राहते. पांघरणाऱ्याच्या पायाचं बोट अडकलं की फाटते. तिसरा खांब निम्मा करावा असं माझं म्हणणं. काढणाऱ्याला विचारून कळव. रंग मोरपंखी आणि पांढरा धरतो.

थंडी सुरू होईल. तुझ्याकडे पांघरुणं आहेत का? एक माणूस वाढलंय म्हणून विचारलं.

रेवणसिद्ध


कुर्डुवाडी,
२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय रेवण,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दाजींना वाचून दाखवलं. ते चहा प्यायचे थांबले. मग मी ते शरणूला वाचायला दिलं, तुला आवडो न आवडो.

तो हसला. माझ्या घरात पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदा त्याचे दात दिसले. कशाला हसला ते आत्ता सांगत नाही, एवढंच सांगते की तू त्याच्या हसण्याचं कारण झालास.

शाळेच्या डिझाइनचं. काढणाऱ्याला विचारलं. तिसरा खांब निम्मा करता येणार नाही. तो जितका उंच आहे तितकाच आहे, कमी करायचा अधिकार माझा नाही आणि काढणाऱ्याचाही नाही. पोकळी राहते म्हणतोस तर त्यावर काय उपाय करायचा तो तुझा तू कर, तुझा धंदा तो आहे. आरशासारखं उलटं विणण्याला हरकत नाही. आम्हाला ते सुचलंच नव्हतं.

मोरपंखी रंग चालेल. नमुना विणून पाठव. पांघरुणं पुरेशी आहेत, पण तू विचारलंस ते मी त्याला सांगितलं.

दाक्षायणी अक्का


सोलापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शरणार्थी.

नमुना झाला. काठापुरतीच पट्टी, दोन विणल्या, एक पार्सलने पाठवतोय, एक घरी ठेवली आहे.

खरं सांगतो, या कामाने मला दमवलं. दिवाळी त्यातच गेली. आधी तुझा कागद समोर ठेवून मोठ्या कागदावर पुन्हा उतरवला, एकेक चौकोन पेन्सिलीने भरत. डिझाइन पाहून यंत्राच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडणारा चन्नप्पा म्हणाला, हा तिसरा ठोकळा टिकायचा न्हाय, सोडून दे. मला सोडवेना. शेवटी तिसऱ्या खांबात मी मध्येमध्ये काही चौकोन मोकळे ठेवले. प्रत्येक मोकळ्या चौकोनात खालचा थर वर येतो आणि वरच्याला बांधून धरतो. हे टाके कुठे घालायचे ते पुस्तकात नसतं. जवळजवळ घातले तर खांब विस्कटतो, लांब घातले तर पोकळी राहते. पाहून पाहून ठरवावं लागतं. आता खांब तेवढाच उंच आहे आणि चादर फुगत नाही. ओढून पाहा.

अक्का, हे काढलं कुणी? मी आयुष्यभर मोर, कमळ, कोयरी आणि देवळाची शिखरं काढत आलो. त्यात काढणाऱ्याची हौस दिसते. यात हौस कुठेच नाही. पहिला, दुसरा आणि मग एकदम तो तिसरा. कुणी मनाने असं काढणार नाही. मशीनवर पट्टी उतरताना मी समोर उभा होतो आणि तिसरा खांब वर चढायला लागला तेव्हा मला आपोआप हात जोडावेसे वाटले. का ते सांगता येत नाही. काढणाऱ्याचं नाव कळव, मला त्याला भेटायचं आहे.

घरी शांतता आहे. काठ्यांचा सराव सुरू व्हायचाय. महानंदा म्हणाली बाराबंदीला ऊन दाखवू का. मी नको म्हणालो. ती आता माझ्याशीही बोलत नाही.

रेवणसिद्ध


कुर्डुवाडी,
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय रेवण,

काढणाऱ्याचं नाव विचारलंस. कुणीच काढलेलं नाही, रेवण. ते शाळेचं डिझाइन नाही. खणातली पानं वाचली असतीस तर तुला कळलं असतं, आणि मग कदाचित तू ते विणलंही नसतंस. म्हणून मी महिनाभर गप्प बसले. तुला फसवलं म्हण हवं तर.

ती शरणूसारखी पोरं आहेत. पहिल्या खांबातली ज्यांना घरच्यांनी जवळ ठेवलं, मधल्यातली ज्यांना थोडं लांब केलं, तिसऱ्यातली ज्यांना घराने टाकलं. एकेक चौकोन म्हणजे स्वतःचा जीव घ्यायला निघालेलं एकेक मूल. बाकीचं खणातल्या पत्रात आहे, आता तरी वाच.

कोणी मनाने असं काढणार नाही, असं तू लिहिलंस. मी ते वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तू न वाचता जे पाहिलंस ते आमच्या हॉलमधल्या शंभर शिकलेल्या माणसांनीही पाहिलं होतं, पण आम्हाला समजावून सांगावं लागलं आणि तुला हात जोडावेसे वाटले. कुठली कुठली पोरं, एकमेकांचं नाव ठाऊक नाही, प्रत्येकाला वाटतं आपण जगात एकटे. आणि मोजायला बसलं तर सगळी एका ओळीत येऊन उभी राहतात. मला अजून त्याचा विस्मय वाटतो. घाबरवणारा विस्मय.

आता जे सांगते ते बसून वाच. दिवाळीनंतर एका सकाळी शरणू क्लासला जातो म्हणून निघाला आणि गेलाच नाही. फलाटावरच्या चहावाल्याचा दाजींना फोन आला, तुमचा पाहुणा सकाळपासून शेवटच्या बाकावर बसलाय, काही खात-पीत न्हाय. मी चपला न घालता गेले. तो रुळांकडे पाहत बसला होता. मला म्हणाला, "आत्या, सोलापूरची गाडी आली, गेली, परत दुसरी आली. मला चढता येईना. मग वाटलं, कुठंच जाऊ नये." मी त्याच्या शेजारी बसले, त्याचा हात धरला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही. त्याचं काय मनात होतं ते तुला उलगडून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्यांचा दवाखाना इथेच आहे. आता दर आठवड्याला जातो. औषध आहे, बोलणं आहे. तो आमच्यासोबत झोपतो. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या औषधाला जे जमणार नाही ते याच्या घराला जमेल.

तुझं पार्सल नेमकं त्याच आठवड्यात आलं. त्याने ते जमिनीवर पसरलं आणि माझ्याजवळ राहिलेल्या आलेखाच्या कच्च्या कागदाशेजारी ठेवलं. आधीच त्याने मला त्या कागदावर बोट ठेवून विचारलं होतं, "आत्या, यातला मी कुठे?" आता तो किती तरी वेळ तुझी पट्टी निरखत राहिला. उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाला, "अप्पांनी तिसऱ्या खांबातली काही पोरं बाहेर काढलीत."

तुझे टाके, रेवण. ते मोकळे चौकोन. त्याला टाके माहीत आहेत, तुझ्याच मांडीवर बसून शिकलाय. तरी तो तसं म्हणाला. आणि मग दुसरी बाजू दाखवून म्हणाला, बघ, इथे परत खाली उतरतंय.

मला तो जिवंत हवाय. बाकी मला काही नको.

अक्का


सोलापूर,
१५ डिसेंबर २०२४

वन्सं,
शरणार्थी.

मला पत्र लिहायची सवय नाही, चूक भूल असेल. यांनी लिहावं म्हणून वाट पाहिली, यांच्याने होत नाहीये, म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र यांनी दारातच उभ्याने वाचलं. मग खणातलं काढून ते वाचलं. मग मला दोन्ही दिली आणि त्या पट्टीचा घरचा तुकडा उन्हात जमिनीवर टाकून त्याच्यासमोर मांडी घालून बसले. मी वाचत होते आणि माझे डोळे भरून अक्षर दिसेना. पोरगं फलाटावर बसलं होतं आणि मी इथे भाकरी थापत होते.

हे तिसऱ्या खांबावर बोट ठेवून म्हणाले, "महानंदा, ह्ये समदे चौकोन म्या येकेक करून भरले. पेन्शिलीनं. लई नीट भरले, येकबी रेघंभाईर जाऊ दिला न्हाय."

मी म्हणाले, तुमाला कुटं म्हाईत हुतं. तर म्हणाले, "हात तर माझाच हुता की."

मी विचारलं, आपला शरणू त्यात हाय का? ते म्हणाले, "आजून न्हाय." आणि पट्टी छातीशी घेऊन तसेच बसले. वन्सं, लग्नाला वीस वर्षं झाली, मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही.

त्यानंतर कामावर जातात, येतात, पट्टीकडे बघतात. रोज लिहायला बसतात आणि कागद फाडतात. यांच्यावर रागावू नका. रागवायचं तर माझ्यावरही रागवा, ताट वेगळं वाढलं ते माझ्याच हाताने. यांनी सांगितलं आणि मी वाढलं.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवते आहे. भाकरी पंधरा दिवस राहते. त्याला म्हणावं, चुरून दुधात खा, पण खा.

तुमची
महानंदा


सोलापूर,
१ जानेवारी २०२५

चि. शरणबसवास,
अनेक आशीर्वाद.

हे मी तुला लिहिलेलं पहिलंच पत्र. आधीची फाडली. हे फाडायचं नाही असं आईला वचन दिलंय, म्हणून वाकडंतिकडं असलं तरी जाईल.

मी तीस वर्षं चौकोन भरतोय. कागदावर काही उमटलं तर त्याच्यामागे कुणाचा तरी हात असतो, एवढंच मला ठाऊक. मोराच्या मागे हात, कमळाच्या मागे हात. या कागदात हात नव्हता आणि तरी डिझाइन होतं. कधी एकमेकांना न भेटलेली पोरं आपापल्या घरात, आपापल्या कोपऱ्यात, आणि त्यांचा खांब सरळ चढत गेला. आत्याने खरं सांगितलं त्या दिवसापासून मी ते पाहतोय आणि माझी नजर हटत नाही. देवळात गेल्यासारखं होतं, पण जे समोर आहे ते पाहवत नाही. मग कळलं की एक हात होता. घरातल्या मोठ्या माणसांचा. माझ्यासारख्यांचा.

तू आत्याला विचारलंस, यातला मी कुठे. मी रोज तेच शोधत होतो. मी एवढंच सांगू शकतो की टाक्यासाठी जे चौकोन मी मोकळे सोडले ते सोडताना मला वाटत होतं, एवढी जागा रिकामी राहिली तर खांब अधू दिसेल. तसं झालं नाही. त्या रिकाम्या जागांवरच सगळी चादर धरून आहे. तू त्या मोकळ्यांतला हो, बाळा. भरलेल्यांतला होऊ नकोस. एवढं माझ्यासाठी कर, बाकीचं मला करायचं आहे.

मला सगळं समजलं असं म्हणणार नाही. तू जे सांगितलंस ते आठवलं की अजून छातीत धस्स होतं. काठीच्या मंडळीत कुणी काही बोललं तर काय, हेही मनात येतं. पण ती भीती माझी आहे. ती तुझ्या ताटात वाढायला नको होती. आत्याने लिहिलंय, तू दुसरी बाजू दाखवलीस, जिथे परत खाली उतरतं. तर मी सध्या त्या बाजूच्या मधल्या खांबावर आहे. पहिल्यावर यायला मला वेळ लागेल. तिसऱ्यावर परत जाणार नाही, हे सिद्धरामेश्वरांसमोर सांगून आलोय.

बाराबंदी ट्रंकेतून काढली. आईने धुतली, उन्हात वाळवली. ती मागच्या वर्षीच्या मापाची आहे आणि तू या वर्षात वाढलास. शिंप्याकडे बाही लांब करायला दिली आहे. मी दोन बोटं जास्त सांगितली, पण अंदाजावर कापड कापू नये, म्हणून खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेऊन कळव. कळवलं नाहीस तरी शिवून ठेवीन. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, तुझ्या सवडीने. काठी दरवर्षी निघते.

तुझा
अप्पा


कुर्डुवाडी,
६ जानेवारी २०२५

ती. अप्पा,
शरणार्थी.

आत्याने टेप लावून मोजलं. दोन बोटं नाही, चार बोटं हवीत. तुमचा अंदाज चुकला. शिंप्याला लगेच सांगा, यात्रेला आठवडा पण राहिला नाही.

तुमचं पत्र मी वाचलं. मग आत्याने वाचलं, मग तुमच्या दाजींनी, आणि मग ते बाहेर जाऊन उगाच सायकल पुसत बसले. मधला खांब मला सध्या चालेल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जा, पण दर आठवड्याला फोन कर. तसं ठरलंय. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. आत्या पट्टी देत नव्हती, तुम्ही तिला दुसरी विणून द्याल असं सांगून आणतोय. आईला म्हणावं, चटणी संपली. आणि ताट एकाच रांगेत वाढ.

त्या दिवशी मला गाडीत चढता आलं नव्हतं, हे आत्याने तुम्हाला लिहिलंच आहे. या वेळी चढेन. तुम्ही फक्त सोलापूरच्या फलाटावर येऊन उभे राहा, म्हणजे मला उतरायला सोपं जाईल.

शरणू